अभयारण्य : शब्द, कायदा आणि आपले वाङ्मय

मराठीतील काही पारिभाषिक शब्द ज्या इंग्रजी शब्दांच्या बदली योजले गेले, त्यांच्याहून अधिक अर्थगर्भ ठरले आहेत. ‘अभयारण्य’ हा अशा शब्दांपैकी एक होय. इंग्रजीतील ‘सँक्च्युअरी’ हा शब्द देवालयातील पवित्र स्थानावरून आला. त्यात आश्रयाची कल्पना आहे. ‘वाइल्डरनेस’ या शब्दात माणसाच्या हाताबाहेरच्या, निर्मनुष्य भूमीची कल्पना आहे. ‘अभयारण्य’ या शब्दात मात्र स्थळापेक्षा एक व्यवहार सांगितलेला आहे. अभय आपोआप उत्पन्न होत नाही. ते कोणीतरी कोणाला तरी द्यावे लागते. अरण्याच्या बाबतीत ते देणारा माणूस आहे आणि ज्याच्यापासून ते द्यायचे, तोही माणूसच आहे. म्हणजे अभयारण्य ही माणसाने स्वतःच्याच विरुद्ध दिलेली हमी होय. कायद्याने संरक्षिलेल्या अरण्याचे प्रयोजन काय आणि मोल काय, या प्रश्नाचा विचार या शब्दापासून आरंभणे मला उचित वाटते. कारण आपल्या अरण्यविषयक वाङ्मयाचे बळ आणि त्याची उणीव, ही दोन्ही याच शब्दाच्या उजेडात स्पष्ट होतात.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात सूनाध्यक्षाची, म्हणजे पशुवधावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगताना अभयवनाचा उल्लेख येतो. अभय दिलेल्या पशुपक्ष्यांना आणि माशांना जो पकडील वा मारील, त्याला सर्वांत कठोर दंड तेथे सांगितला आहे. परंतु सामान्य कुटुंबवत्सल गृहस्थाकडून अभयवनाची मर्यादा मोडली गेल्यास मधल्या प्रतीचा दंड पुरेसा मानला आहे. दंडातील हा भेद विचार करण्याजोगा आहे. अरण्याच्या कडेला कुटुंबे राहतात, त्यांची गरज आणि व्यापारी शिकाऱ्याचा लोभ यांचे माप एक नव्हे, एवढे भान त्या जुन्या शास्त्रकाराला होते असे दिसते. लोकव्यवहारात हेच काम देवराईने केले. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातील देवरायांचा जो अभ्यास केला, त्याने विद्वज्जनांचे लक्ष या परंपरेकडे वेधले. देवराईत झाडांना अभय होते ते देवाच्या भयाने. आणि ते राखणारे गाव त्या राईच्या शेजारीच नांदत होते.

बृहन्महाराष्ट्रातील जुन्या घराण्यांना मात्र अरण्यरक्षणाची आणखी एक परंपरा जवळून ठाऊक असेल. ती शिकारखान्यांची. शिवपुरी ही ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांची उन्हाळी राजधानी आणि तिच्या भोवतीचे रान हे त्यांचे शिकारीचे रान. आज तेथे माधव राष्ट्रीय उद्यान आहे. इंदूरजवळच्या राळामंडळ टेकडीवर होळकरांचे शिकारगृह होते. ती टेकडी आता अभयारण्य आहे. हैदराबादच्या वेशीवरील हरिण वनस्थली ही निजामाच्या शिकारीची जागा होती. बेळगावहून फार दूर नसलेले दाजीपूरचे रान कोल्हापूर संस्थानाने शिकारीसाठी राखले आणि १९५८मध्ये ते गव्यांचे अभयारण्य झाले. ही रानेही राखलेलीच होती, त्यांनाही पहारेकरी होते, त्यांतही गावकऱ्यांच्या कुऱ्हाडीला मज्जाव होता. परंतु ते राखणे मारण्यासाठी होते. तेथे प्राणी टिकले ही खरी गोष्ट असली, तरी त्यांना अभय होते असे कोणी म्हणणार नाही. यातून एक निष्कर्ष निघतो. अरण्य नुसते राखले गेले, एवढ्याने त्याचे प्रयोजन सिद्ध होत नाही. ते कोणासाठी राखले आणि राखणाऱ्याने स्वतःवर कोणते बंधन घालून घेतले, हा खरा प्रश्न आहे.

स्वतंत्र भारताने या प्रश्नाचे उत्तर १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने दिले. या कायद्याच्या आधी, १९६४मध्ये, अमेरिकेने ‘वाइल्डरनेस’ भूमीचा स्वतंत्र कायदा केला होता. मनुष्य जेथे केवळ पाहुणा म्हणून जातो आणि वस्ती करीत नाही अशी भूमी, ही त्या कायद्यातील अरण्याची व्याख्या. ज्या देशात मूळ रहिवाशांना आधीच हुसकावून लावले गेले होते, तेथे ही व्याख्या सोयीची ठरली. भारतासारख्या दाट वस्तीच्या देशात ती जशीच्या तशी लावल्यास गरिबांच्या वाट्याला काय येते, याची झडती रामचंद्र गुहा यांनी १९८९च्या आपल्या एका प्रसिद्ध निबंधात घेतली आहे. आपला कायदा त्या व्याख्येच्या पूर्णतः आहारी गेला नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. राष्ट्रीय उद्यानात रहिवाशांचे हक्क संपुष्टात येतात. अभयारण्यात मात्र जिल्हाधिकारी मुख्य वन्यजीव रक्षकाच्या विचाराने काही हक्क चालू ठेवू शकतो. २००६च्या वनहक्क कायद्याने तर संरक्षित क्षेत्रांतील रहिवाशांचेही हक्क मान्य केले आणि ग्रामसभेच्या जाणत्या संमतीवाचून स्थलांतर होऊ नये असे ठरविले. कायद्याच्या अक्षरात अभय दोघांनाही आहे.

आता वाङ्मयाकडे वळू. संरक्षित अरण्याचे मोल मराठी वाचकाला प्रथम ज्यांनी पटवले, त्यांत व्यंकटेश माडगूळकर अग्रभागी येतात. भंडारा-गोंदियाकडील नागझिरा हे रान १९७०मध्ये अभयारण्य झाले. तेथे मुक्काम करून त्यांनी जे पाहिले, ते ‘नागझिरा’ या पुस्तकात उतरले. या पुस्तकाचा विशेष असा की त्यात शिकारकथेचा थरार नाही. माणदेशातील माणसे ज्या निर्लेप, मितभाषी नजरेने त्यांनी रंगविली, त्याच नजरेने ते पाणवठ्यावर येणारे जनावर पाहतात. पाहणारा स्वतःला मागे ठेवतो. शिकारखान्यातील नजर आणि ही नजर यांतील अंतर म्हणजेच अभयारण्याने माणसात घडविलेले परिवर्तन, असे म्हणण्यास हरकत नाही.

‘सत्तांतर’ या त्यांच्या लहानशा कादंबरीस १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वानरांच्या टोळीतील हुप्प्याचा पाडाव, नव्या हुप्प्याचा उदय आणि त्यातून ओढवणारी पिल्लांची हत्या हा तिचा विषय. नव्या नराकडून होणाऱ्या या पिल्लांच्या हत्येची शास्त्रीय नोंद युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाने १९६०च्या दशकात आपल्या शेजारच्या धारवाडच्या परिसरातच केली होती, हे सीमाभागातील वाचकांना मुद्दाम सांगावेसे वाटते. या कादंबरीकडे मानवी राजकारणाचे रूपक म्हणून पाहण्याचा मोह शीर्षकामुळे होतो आणि अनेकांना तो झालाही. माझ्या मते हे वाचन कादंबरीचा अर्धा प्राण काढून घेते. वानरांचे जीवन आपल्याला काही शिकवण्यासाठी चाललेले नाही, त्याला स्वतःचा इतिहास आहे, स्वतःचे पराभव आणि स्वतःचे वंश आहेत, ही जाणीव हेच ‘सत्तांतर’चे श्रेय आहे. पिल्ले मारली जात असताना लेखक मध्ये पडत नाही, न्यायनिवाडा करीत नाही. संरक्षित अरण्याचे पहिले प्रयोजन हेच नव्हे काय? ज्यात आपला लाभ नाही, आपले मत विचारले जात नाही आणि आपल्या करुणेलाही जेथे ढवळाढवळ करण्याचा अधिकार नाही, असे काही या भूमीवर घडू द्यावयाचे, यासाठी समाजाने आखलेली ती सीमा आहे. औषधी वनस्पती, पर्यटनाचे उत्पन्न, स्वच्छ हवा ही सगळी कारणे खरी आहेत; पण त्या प्रत्येक कारणाच्या मुळाशी ‘आपल्याला काय मिळते’ हा प्रश्न आहे. माडगूळकर हा प्रश्न विचारीत नाहीत, म्हणून त्यांचे अरण्यलेखन अभयाच्या कल्पनेशी सर्वांत प्रामाणिक आहे.

तथापि या नजरेला एक मर्यादाही आहे. पाहुणा जे पाहतो ते स्वच्छ पाहतो, परंतु यजमानाच्या घरातील तंटे त्याला दिसतातच असे नाही. ती दुसरी बाजू मारुती चितमपल्ली यांच्या लेखनात शोधावी, अशी अपेक्षा साहजिक आहे. १८ जून २०२५ रोजी वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी ते निवर्तले. वनखात्यात तीन दशकांहून अधिक काळ त्यांनी नोकरी केली. २००६च्या सोलापूर येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद देऊन मराठी समाजाने त्यांचा गौरव केला. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘रानवाटा’, ‘नवेगावबांधचे दिवस’, ‘चकवाचांदण’ या पुस्तकांनी आणि त्यांच्या कोशांनी मराठीला रानाची शब्दसंपत्ती दिली. ही संपत्ती त्यांनी ग्रंथालयातून आणली नाही. गोंड, कोहळी, ढिवर अशा अरण्याच्या आश्रयाने राहणाऱ्या लोकांकडून त्यांनी ती शिष्यभावाने मिळविली आणि तसे मोकळेपणाने नमूदही केले.

नवेगावबांधचे उदाहरण येथे फार बोलके आहे. १९७५मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेले हे स्थळ पक्ष्यांसाठी विख्यात आहे. परंतु ज्या जलाशयावर ते पक्षी उतरतात, तो निसर्गनिर्मित नव्हे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असे मानले जाते. धानशेतीसाठी तलाव बांधणारा कोहळी समाज, त्या पाण्यात मासे धरणारा ढिवर समाज आणि त्याच पाण्यावर येणारे स्थलांतरित पक्षी, अशी ही तीनशे वर्षांची सोयरीक आहे. ज्याला आपण अरण्य म्हणतो, त्यात माणसाचे हात किती खोलवर गेलेले असतात, हे चितमपल्लींच्या वाचकाला कळते. अभयारण्याचे दुसरे मोल येथे हाती लागते. रान राखले म्हणजे रानाविषयीचे ज्ञान आणि रानाची भाषाही राखली जाते, पण केव्हा? ती बोलणारी माणसे रानाशी बांधलेली राहिली तरच.

आणि नेमक्या याच ठिकाणी चितमपल्लींच्या लेखनात एक पोकळी जाणवते. ज्या माणसांना लेखक चितमपल्ली गुरू मानतात, त्यांच्याच सरपणावर, मासेमारीवर आणि चराईवर अधिकारी चितमपल्लींच्या खात्याचा कायदा बंधने घालीत होता. एकाच माणसात वास करणाऱ्या या दोन भूमिकांचा संघर्ष केवढा मोठा वाङ्मयीन विषय झाला असता! त्यांच्या ललित लेखनात त्याचे पडसाद मला क्वचित ऐकू येतात. तो लेखनाचा कणा होत नाही. हे त्यांच्या थोरवीस उणेपणा आणण्यासाठी म्हणत नाही. मराठी अरण्यवाङ्मयाचाच तो स्वभाव बनला आहे, एवढेच सुचवायचे आहे. पक्षी दिसतो, पक्ष्याचे गोंडी नाव दिसते, नाव सांगणारा माणूसही दिसतो. परंतु तो उद्या कोठे राहणार, हे पुस्तक मिटले तरी कळत नाही. धरणाने उठवलेल्या गावांना विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ मिळाली. अभयारण्याने उठवलेल्या गावांवर त्या तोडीची मराठी कादंबरी माझ्या पाहण्यात नाही.

ही उणीव केवळ वाङ्मयाची असती तर इतका विस्तार केला नसता. आपल्या दाराशी आज हाच प्रश्न उभा आहे. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्य २०११च्या अखेरीस घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. येथील बारापेडे गुहांत राहणारे राउटनचे वटवाघूळ दीर्घकाळ जगात अन्यत्र कोठेही आढळलेले नव्हते. पुढे ते मेघालयात आणि कंबोडियात सापडले. म्हादई याच रानात उगम पावते आणि मलप्रभा त्याच तालुक्यातील कणकुंबीस. याच रानात गवाळी, पास्तोली, कोंगळा, तळेवाडी, देगाव, कृष्णापूर अशी मराठी बोलणारी छोटी गावे पिढ्यान् पिढ्या आहेत. पावसाळ्यात त्यांचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटतो. रस्ता, वीज, दवाखाना यांसाठी त्यांनी केलेल्या मागण्या अरण्याच्या कायद्यापाशी येऊन अडतात. आता स्वेच्छेने बाहेर पडणाऱ्या कुटुंबास १५ लाख रुपये देण्याची योजना आहे आणि तळेवाडीच्या स्थलांतरास २०२५मध्ये प्रारंभ झाला. ज्या गावाला वर्षानुवर्षे पूल मिळत नाही, त्या गावाच्या जाण्यास ‘स्वेच्छा’ म्हणताना जीभ अडखळली पाहिजे. त्याचबरोबर हेही खरे की तेथील तरुण मुलांना दवाखाना आणि शाळा हवी आहे आणि आपल्यासारख्यांनी शहरात बसून त्यांना अरण्यसंस्कृतीचे जतन करण्याचा उपदेश करणे हे निखालस दांभिकपणाचे होईल.

सीमेपलीकडे, गोव्यात, चित्र वेगळे आहे. पण धडा तोच. राष्ट्रपती राजवटीच्या काळात, १९९९मध्ये, राज्यपाल जे. एफ. आर. जेकब यांच्या कारकिर्दीत म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्ये घोषित झाली. जानेवारी २०२०मध्ये सत्तरीतील गोळावली परिसरात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषप्रयोगाने मेलेले आढळले. पाळीव गुरे मारली गेल्याचा तो सूड होता. जुलै २०२३मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने व्याघ्र प्रकल्प घोषित करण्याचा आदेश दिला आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. याच सरकारच्या मुख्य वन्यजीव रक्षकांनी त्याच वर्षी जानेवारीत म्हादईचे पाणी वळविण्याच्या योजनेविरुद्ध कर्नाटकास नोटीस दिली होती आणि तिला आधार होता तो वन्यजीव अधिनियमाच्या कलम २९चा. म्हणजे पाणी हवे तेव्हा अभयारण्य पवित्र आणि वाघ आला की तेच अभयारण्य अडचणीचे! कर्नाटकाकडे पाहावे तर तेथेही तऱ्हा निराळी नाही. ज्या म्हादईच्या खोऱ्यातील गावांना अरण्यासाठी उठण्यास सुचविले जाते, त्याच खोऱ्यातील पाणी वळविण्याचा आग्रह तेवढ्याच जोराने धरला जातो. दोन्हीकडे अभयाचा शब्द दुसऱ्यावर बंधन घालण्यासाठी वापरला जातो. स्वतःचा हात आखडता घेण्यास कोणीही तयार नाही.

दिलेला शब्द मोडला गेला तर काय होते, याचे उदाहरण ग्वाल्हेरच्या वाचकांच्या शेजारी आहे. गीरच्या सिंहांना दुसरे घर हवे म्हणून श्योपूर जिल्ह्यातील कुनोच्या रानातून १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून चोवीस गावे उठविण्यात आली. त्यांतील बहुतेक कुटुंबे सहरिया आदिवासींची. सिंह तेथे हलवावेत असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३मध्ये दिला. सिंह आले नाहीत. सप्टेंबर २०२२मध्ये तेथे नामिबियाहून चित्ते आणण्यात आले. चित्त्यांविषयी काहीही मत असो, ज्या कारणासाठी त्या चोवीस गावांनी आपली जमीन सोडली ते कारणच पार पडले नाही. त्यांच्या त्यागाचे ऋण कोणाच्या खाती मांडायचे?

या सगळ्यावरून अभयारण्ये ही चैन आहे, ती मोडावीत, असा अर्थ कोणी काढील तर ते घातक ठरेल. शिवपुरीच्या रानातून वाघ नाहीसे झाले होते. मार्च २०२३मध्ये ते बाहेरून आणून सोडावे लागले आणि मार्च २०२५मध्ये ते रान व्याघ्र प्रकल्प झाले. भीमगड-म्हादईचे रान तुटले तर मलप्रभेच्या काठची शेती आणि गोव्याचे पाणी यांना पर्याय नाही. कायदा नसता तर खाणी आणि रस्ते येथे केव्हाच पोहोचले असते. उलट गावे रिकामी केली की अरण्याचे काम झाले, असे मानणेही तितकेच चुकीचे आहे. जे रान कोणी ओळखत नाही, त्याच्या बाजूने उभे राहणारेही कोणी उरत नाही. मग त्या रिकाम्या रानात खाणीचा परवाना देणे सोपे होते. कौटिल्याने केलेला दंडातील भेद आजही मार्गदर्शक आहे. लोभाला कठोर मनाई आणि गरजेशी न्याय्य तडजोड, यांवरच अभयाचा शब्द टिकेल.

समीक्षेने या प्रकरणी काय करावे? अरण्यविषयक पुस्तक हाती आले की त्यातील वर्णन किती चित्रमय आहे, पक्ष्यांची नावे किती आहेत, यांची गणती आपण आजवर केली. यापुढे आणखी एक कसोटी लावावी असे सुचवावेसे वाटते : हे रान कोणाच्या संयमावर उभे आहे आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा पत्ता या पुस्तकातून लागतो का? माडगूळकरांची निर्लेप नजर आणि चितमपल्लींचे शब्दभांडार यांना या प्रश्नाची जोड मिळाली, तर मराठीत अरण्याचे नवे वाङ्मय निर्माण होईल.

ते वाङ्मय लिहिण्यास सर्वांत योग्य जागा बहुधा खानापूर-सत्तरीचीच आहे. तळेवाडीच्या लोकांची झाडांची, ओहोळांची, चिकट्यांची आणि वाऱ्यांची नावे अद्याप कोणी नोंदवून ठेवायची आहेत. लोक विखुरल्यावर ती मिळणार नाहीत. आपल्यासारख्या साहित्य मंडळांकडे निधी थोडा असतो, परंतु लिहिणारे हात आणि ऐकणारे कान असतात. पुढील पावसाळ्यापूर्वी दोन-तीन सभासदांनी त्या गावांत जाऊन म्हाताऱ्या-कोताऱ्यांचे बोलणे उतरवून घेतले, तर जाणाऱ्यांच्या हाती निदान त्यांच्या रानाची एक वही राहील आणि राहणाऱ्यांच्या बाजूने एक पुरावा.